खुंटीवरची काळी पिशवी

व्हर्लिन स्लेटनच्या हातात काळी पिशवी दिसली की सहा-सात फुटी धिप्पाड गड्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. एरवी त्याला कोण विचारतंय! साठीला टेकलेला, गुडघ्यांनी कुरकुरणारा, अमेरिकेतल्या अबर्डीन गावच्या त्या थंडगार सभागृहाच्या तळघरात अठरा वर्षं दुसऱ्यांच्या घामाचे कपडे धुणारा माणूस. थ्रेशर्स हा गावचा बास्केटबॉलचा संघ आणि व्हर्लिन त्यांचा सामानवाला. बूट, मोजे, टॉवेल, चेंडू, सगळं त्याच्या ताब्यात. संघ खालच्या लीगमधला. मोठ्या संघांनी पोरं पिकायला घालावीत म्हणून काढलेली ही लीग. पिकलं त्याला उचलायचं, आणि न पिकलेल्यांसाठी व्हर्लिनची पिशवी होतीच.

रीत अशी होती. कुणाला काढायचं ठरलं की कोच रस्क स्वतः तोंड उघडायचा नाही. सकाळच्या सरावाआधी व्हर्लिन त्या खेळाडूच्या खुंटीवरची जर्सी उतरवायचा आणि तिथे कचऱ्याची काळी पिशवी टांगायचा. गडी आला, पिशवी पाहिली, की काय ते समजायचं. आपले बूट-साबण त्यात भरायचे आणि चालू लागायचं. निरोप नाही, हात मिळवणं नाही. रस्कला हे फार सोयीचं होतं. आणि खरं सांगायचं तर व्हर्लिनलाही त्यात जरा ऐट वाटायची. गावात त्याला कुणी घाबरत असेल तर ते एवढ्या एका कामात.

या पिशवीची थट्टासुद्धा होती. ऑक्टोबरात नवी पोरं आली की पहिल्याच सकाळी जुने खेळाडू व्हर्लिनला डोळा मारायचे, आणि तो प्रत्येक नव्या पोराच्या खुंटीवर पिशवी टांगून ठेवायचा. पोरं पांढरीफटक पडायची, मग जुन्यांचे हशे, मग पाठीवर थापा. त्या वर्षी क्विंटेल मॅबरी नावाचा अठरा वर्षांचा पोरगा आला होता, मिसिसिपीहून, शाळा संपवून थेट. त्यानं पिशवी पाहिली, कुणाला एक शब्द विचारला नाही, बूट भरले आणि निघून गेला. हे आपले आत खिदळतायत, आणि तो बर्फात बसथांब्यावर! शेवटी व्हर्लिनच पिकअप घेऊन गेला. पोरगा पिशवी मांडीवर घेऊन ढसाढसा रडत होता.

"अरे वेड्या, थट्टा होती ती," व्हर्लिन म्हणाला. "चल, बस आत."

"थट्टा?" क्विंटेलनं बाहीनं नाक पुसलं. "मिस्टर व्हर्लिन, मी आईला फोन करून सांगितलं की मला हाकललं."

"मग परत फोन कर आणि सांग की तू गाढव आहेस."

पुढे महिनाभर सगळे त्याला 'बसथांबा' म्हणून हाक मारत. त्यानं कानाला खडा लावला. "परत नाही फसायचा मी," म्हणायचा. पण त्या दिवसापासून तो व्हर्लिनला चिकटला. धुलाईच्या खोलीत येऊन टॉवेलांच्या घड्या घालायचा, व्हर्लिनच्या बायकोनं, मार्डेलनं, दिलेला हॉटडिश, म्हणजे बटाटे घालून भट्टीत भाजलेला पदार्थ, डब्यातून थंडच खायचा आणि तोंडभर घास घेऊन बडबडायचा. मार्डेलला मूल एकच, मुलगी, तीही नातवाला घेऊन लांब मोठ्या शहरात. थ्रेशर्सचा मालक असलेला मोठा संघ त्याच शहरातला. तिथल्या सामानखान्यात आपल्याला घ्यावं, नातवाजवळ राहावं, म्हणून व्हर्लिन अठरा वर्षं वाट बघत होता. खेळाडूंनीच डोळे लावून बसावं असं थोडंच आहे!

क्विंटेलनं अजून कागदावर सही केली नव्हती. आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. त्याच्या गावाजवळच्या एका कॉलेजच्या कोचनं जानेवारीपर्यंत जागा राखली होती. फी नाही, जेवणखाण फुकट, चार वर्षं खेळायचं आणि शिकायचं. पण थ्रेशर्सच्या कागदावर एकदा सही केली, की तो व्यावसायिक ठरणार आणि कॉलेजचं दार कायमचं बंद होणार. पहिल्या सामन्याआधीच्या शुक्रवारपर्यंत काय तो निर्णय घ्यायचा होता.

गुरुवारी रस्क धुलाईच्या खोलीत आला. एवढ्या वर्षांत चौथ्यांदा.

"पोरगा तुझं ऐकतो," तो म्हणाला. "मोठ्या संघातल्या साहेबांना तो हवाय. लांब हात आहेत, म्हणतात. शुक्रवारी त्याची सही झाली पाहिजे."

"त्याला अजून वर्ष-दोन वर्षं लागतील, कोच. शरीर कुठे भरलंय त्याचं?"

"मी विचारलं का तुला?" रस्क हसला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उन्हाळ्यात तिकडच्या सामानखान्यात जागा होतेय. मी तुझं नाव टाकतो."

झालं! व्हर्लिनचं काळीज कसं सुपाएवढं झालं असेल ते मला विचारू नका. दुपारी तो क्विंटेलला शोधत गेला, तर तिथे डॉर्सी पेटवे पोराला फैलावर घेत होता. पेटवे एकोणतीस वर्षांचा, सात हंगाम याच लीगमध्ये घासलेला.

"कॉलेजात जा, मूर्खा," पेटवे सांगत होता. "इथे तुला कोण शिकवणार? इथे प्रत्येकाला स्वतःचे गुण दाखवायचेत. तुला चेंडू मिळेल तो मी दमल्यावर, आणि मी दमत नाही."

"पण इथे मोठ्यांशी खेळायला मिळतं ना, डॉर्सीभाई. कॉलेजात काय, माझ्याच वयाची पोरं."

"मोठ्यांशी? अरे, आम्ही मोठे असतो तर इथे असतो का?"

क्विंटेलनं व्हर्लिनकडे वळून पाहिलं. "तुम्ही सांगा, मिस्टर व्हर्लिन. तुम्ही शेकड्यानं बघितलीत पोरं. इथे राहून माणूस खरंच सुधारतो का?"

व्हर्लिनच्या डोळ्यांसमोरून किती पिशव्या गेल्या असतील! अठरा-एकोणीस वर्षांची जेवढी पोरं आली त्यांतलं एकही मार्चपर्यंत टिकलं नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं एकदा पेटवेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"डॉर्सीचं काय ऐकतोस," तो म्हणाला. "स्वतःचं जमलं नाही म्हणून जळतोय. साहेबांची नजर आहे तुझ्यावर, बाळा. कॉलेजात चार वर्षं कुजशील."

पेटवे बघतच राहिला. "म्हाताऱ्या, लाज वाटू दे," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

तरी पोराचं मन ठरेना. त्यानं आईला फोन लावला आणि व्हर्लिनच्या हातात दिला. ओझेला मॅबरी शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची. "मिस्टर व्हर्लिन," ती म्हणाली, "मला त्या खेळातलं काही कळत नाही. तुमचा स्वतःचा मुलगा असता तर काय केलं असतं, तेवढं सांगा."

"ठेवला असता, बाई," व्हर्लिन म्हणाला. "वर्षभरात माणूस होऊन जाईल तो."

शुक्रवारी सही झाली. त्या संध्याकाळी मार्डेलनं त्याला आवडतो तसा हॉटडिश केला आणि व्हर्लिनला दोन घासही गेले नाहीत. निर्लज्जाला भूक नव्हती म्हणून त्याचं पाप कमी होत नाही.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. नोव्हेंबरात क्विंटेल एका सामन्यात चार मिनिटं खेळला. तिशीच्या एका गड्यानं त्याला कोपरानं असा बाजूला सारला की तो पहिल्या रांगेतल्या बाईच्या मांडीवर जाऊन पडला, आणि आख्खं सभागृह हसलं. डिसेंबरात दोनदा उतरला. जानेवारीत एकदाही नाही. त्याला शिकवायला कुणाला वेळ नव्हता. रस्कला सामने जिंकायचे होते, कारण रस्कलाही मोठ्या संघात जायचं होतं. पोरगा बाकावर बसून टॉवेल हलवायचा, आणि सरावानंतर एकटाच पाचशे-पाचशे चेंडू टाकायचा. व्हर्लिन ते चेंडू गोळा करून द्यायचा. फेब्रुवारीत मोठ्या संघातले ते साहेबच बदलले. नव्या साहेबांना लांब हातांचं कौतुक नव्हतं.

"मॅबरी," रस्क सकाळी म्हणाला. व्हर्लिननं पिशवी काढली.

"याला तुम्हीच सांगा ना, कोच. एवढ्या एका वेळेला."

"का? तुझा लाडका म्हणून? टांग."

त्यानं टांगली. चोवीस नंबरची जर्सी उतरवून कपड्यांच्या गाडीत टाकली आणि धुलाईच्या खोलीच्या दारामागे जाऊन उभा राहिला, भित्रा कुठला.

क्विंटेल आला. पिशवी पाहिली. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. आणि मग तो मोठ्यानं हसला. "अरे वा! फेब्रुवारीत पण? या वेळी नाही फसायचा बसथांबा!" त्यानं पिशवी खुंटीवरून ओढली, डोक्याला पगडीसारखी बांधली आणि सगळ्यांना दाखवत खोलीभर नाचला. कुणी हसेना. पेटवे बुटांच्या नाड्या बांधत खाली मान घालून बसला होता.

"कसले नटसम्राट आहात रे सगळे!" क्विंटेल म्हणाला आणि दाराशी उभ्या व्हर्लिनकडे आला. "मिस्टर व्हर्लिन, जर्सी कुठे लपवलीत? द्या की. थट्टाच आहे ना?"

आता एक शब्द. एकच शब्द बोलायचा होता त्या म्हाताऱ्यानं. पोरगा हसऱ्या तोंडानं समोर उभा, डोक्याला ती पिशवी.

"थट्टाच," व्हर्लिन म्हणाला, आणि हसला. "जर्सी धुवायला टाकलीये. जा, तसाच जा."

पोरगा बनियनवरच मैदानात गेला. रांगेत उभा राहिला, धावला, टाळ्या वाजवल्या. कुणी त्याच्याकडे चेंडू टाकेना. तो हात वर करून ओरडतोय, "मी मोकळा आहे, मी मोकळा आहे!" आणि चेंडू त्याच्या बाजूनं जातोय. सगळं या थट्टेतलंच समजून तो आणखी हसायचा. अर्धा तास हे चाललं. शेवटी रस्कनं शिट्टी मारली आणि दारावरच्या पहारेकऱ्याला खूण केली. त्यानं क्विंटेलचा दंड धरला तेव्हाही तो हसतच होता. जिन्यापाशी पोचल्यावर थांबला. मागे वळून त्यानं व्हर्लिनला शोधलं. व्हर्लिन चेंडू गोळा करत होता.

या वेळी बसथांब्यावर कुणी गेलं नाही.

एप्रिलात हंगाम संपला आणि रस्कला मोठ्या संघात साहाय्यक कोचाची जागा मिळाली. त्याचं कपाट व्हर्लिनच आवरत होता, त्याच काळ्या पिशव्यांत. धीर करून त्यानं विचारलंच, "कोच, त्या सामानखान्यातल्या जागेचं?"

"अरे हो, विचारलं होतं त्यांनी तुझ्याबद्दल," रस्क कोट चढवत म्हणाला. "मी सांगितलं, त्याला हलवू नका. पोरांना काढायच्या कामात असा हात दुसऱ्या कुणाचा नाही. ज्याला काढायचं, त्याला कळतसुद्धा नाही." त्यानं व्हर्लिनची पाठ थोपटली आणि गेला.

व्हर्लिन पिशवीचं तोंड बांधत तिथेच बसला. भिंतीवरचा फोन वाजला तो त्यानं बऱ्याच वेळानं उचलला.

"मिस्टर व्हर्लिन का? मी ओझेला, क्विंटेलची आई. माफ करा हं, कामात असाल. त्याचा फोन बंद लागतोय दोन महिने. नवा घेतला असेल, सांगायचं सुचलं नसेल, तुम्हाला माहितेय ना तो कसा आहे. बरा आहे ना?"

म्हणजे पोरगा घरी गेलाच नव्हता.

"हॅलो? आहात ना?"

"आहे, बाई. बरा आहे तो. सरावाला गेलाय."

"देव तुमचं भलं करो." ती हसली, हसणं अगदी पोरासारखंच. "मी शेजारणीला सांगतच असते, तिथे एक म्हातारे गृहस्थ आहेत, बापासारखं बघतात त्याच्याकडे. तुम्ही म्हणाला होतात ना, वर्षभरात माणूस होईल. झाला का हो?"

"हो," व्हर्लिन म्हणाला. "झाला."