बैलाला आवतण

परदेशात मी नोकरी करत होते त्या युनिव्हर्सिटीचा मॅस्कॉट बैल होता. स्कार्फवर बैल, मगवर बैल आणि मेन बिल्डिंगसमोर दगडी चौथऱ्यावर ब्रॉन्झचा भलाथोरला बैल. परीक्षेला जाताना मुलं त्याचं नाक चोळत, त्यामुळे तेवढं नाक लखलखीत. पुतळे, बाकं, कुंड्या, पार्किंग, असलं सगळं आमच्या ऑफिसकडे असायचं. ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी टेम्पररी होते आणि पर्मनंट करायचं की नाही, ते बॉस त्या शुक्रवारी सांगणार होता. नवरा डॉक्टर; त्याची हॉस्पिटलं आणि त्यांबरोबर आमचं गाव सारखं बदलत होतं. माझी नोकरी पक्की झाली तर इथेच राहायचं, असं आमचं ठरलं होतं. मला पुन्हा सामान बांधायचं नव्हतं.

सासूबाई तिकडच्या उन्हाळ्यापुरत्या आमच्याकडे आल्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी त्या मला घ्यायला ऑफिसवर आल्या. मी खिडक्या लावेपर्यंत बाहेर बैलापाशी थांबल्या. जेवताना पाहिलं, तर त्यांची बोटं पिवळी.

"अहो आई, हळद कसली ही?"

"उद्या पोळा ना. हळद-तूप लावून खांदे मळले त्याचे. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, म्हटलं."

"आई, तो पुतळा आहे!"

"मग? आपण मातीचे पूजतोच की. हा एवढा मोठा आयता उभा, आणि कुणी साधी झूल घालत नाही मेल्याला."

सकाळी लवकर जाऊन पुसून टाकावं म्हणून मी स्पंज घेऊन पोचले, तर बॉस सिक्युरिटीवाल्याला घेऊन आधीच हजर. त्या दिवशी ओपन डे होता, म्हणजे नवी मुलं आणि पालक युनिव्हर्सिटी बघायला येणार होते. बैलाचे दोन्ही खांदे पिवळेधमक.

"शेजारच्या पॉलिटेक्निकची पोरं," बॉस म्हणाला. "त्यांच्या जर्सीचाच रंग. लावा फोन त्यांना."

सिक्युरिटीवाला वळला. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"थांबा. माझ्या सासूबाईंनी लावलंय ते. पेंट नाही, हळद आहे." वर्षभर राबणाऱ्या बैलाला एक दिवस सुट्टी, आदल्या संध्याकाळी खांद्यांना तूप, मग जेवणाचं आमंत्रण, सगळं मी भराभर सांगून टाकलं.

"म्हणजे आज तो जेवणार?" बॉसने विचारलं.

"छे, छे!" म्हणेपर्यंत बसस्टॉपकडून सासूबाई आल्याच. साडीवर माझा रेनकोट, हातात डबा. बोलावलेल्याला उपाशी ठेवणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. त्यांनी बैलाला कुंकू लावलं, पुरणपोळी त्याच्या तोंडाशी धरली आणि बॉसकडे पाहून मला विचारलं, "हा मालक का गं त्याचा?"

"माझा आहे, आई."

"मग वाढ की त्यालाही!"

बॉसने उभ्या उभ्या दोन पोळ्या खाल्ल्या. सिक्युरिटीवाल्याने तिसरी मागून घेतली. ओपन डेला आलेल्या एका बाईंनी तर विचारलं, हे दर वर्षी असतं का?

दुपारी बॉसने मला आत बोलावलं. "सोमवारपासून पर्मनंट. पुतळ्याची सफाई आजवर कुणाच्याच कामात नव्हती, ती तुमच्या कामात घातली आहे. सुरुवात आजपासून."

गरम पाण्याची बादली घेऊन मी चौथऱ्यावर चढले. तुपातली हळद साबणाला दाद देत नव्हती. मी जोर लावून घासायला लागले, तशा सासूबाई बाकावरून ओरडल्या, "अगं, हळू! आज सणाच्या दिवशी तरी त्याचे खांदे दुखवू नकोस."