संदर्भ नसलेली खाडी

"सोडतो हाय!" असं ओरडल्याशिवाय काकांनी संगणकाचं बटण कधी दाबलं नाही. बोईसरच्या आमच्या वाचनालयात परीक्षांची तयारी करणारी मुलं माना खाली घालून बसलेली असतात, ती दचकून वर बघत. एका रसायनांच्या कारखान्यात व्हॉल्व्ह उघडण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. खाली कोणी उभं असलं तर त्याला बाजूला व्हायला वेळ मिळावा, म्हणून आधी हाक द्यायची सवय.

"इथं खाली कोणी नाही हो, काका," मी म्हणायचे.

"असं समजूनच मानूस जातो, मॅडम."

मी तिथली ग्रंथपाल. फावल्या वेळात सगळ्यांनी मिळून लिहायच्या त्या ऑनलाइन विश्वकोशात संपादन करते. नवख्यांचे चुकीचे बदल उडवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला माज होता. तुमच्या ओळखीतही असं एखादं माणूस असेल.

काका मुरबे गावचे. ते निवृत्त झाल्यावर नातवानं फोनवर त्या विश्वकोशातलं गावाजवळच्या खाडीचं पान काढून दिलं. तीनच ओळी होत्या. तिसरी ओळ अशी: 'या खाडीत मासे आढळत नाहीत.' पुढे संदर्भाचा छोटासा आकडा आणि खाली कुठल्याशा पाहणीचा अहवाल. ते वाचून दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर उभे. आई लवकर गेली, तेव्हा मोठ्या बहिणीनं, त्यांच्या 'बाय'नं, त्याच खाडीतले मासे आणि कालवं पाटीत घालून दारोदार विकली आणि यांना वाढवलं. आता ती ऐंशीच्या पुढची. "बाय हाय तोवर ही ओळ बदलली पायजे," ते म्हणाले. "नायतर तिचा जन्म खोटा पडंल."

पहिला बदल त्यांनी एका बोटानं, तासभर खपून केला: 'पूर्वी या खाडीत पुष्कळ मासे होते. माझी बहीण ते पकडत असे.' खाली अर्जाला करतात तसं पूर्ण नाव, हुद्दा, गाव आणि 'आपला विश्वासू'. चार मिनिटांत ते गायब झालं.

"कोनी काढलं?"

"मी," मी माझ्या टेबलावरून म्हटलं.

"हितं बसून? मंग तोंडानं सांगायचं ना!"

तोंडानं सांगितलं. लेखात सही करायची नाही. स्वतःच्या माणसांबद्दल लिहायचं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही, छापलेलं लागतं. वाटलं, चिडतील. पण त्यांनी खिशातून वही काढली आणि एकेक नियम उतरवून घेतला. "कारखान्यात नियम कधी बनतो ठाव हाय? कोनतरी मेल्यावर. म्हनून मी नियमाला हसत नाय."

मग दोन महिने संदर्भाचा शोध. आमच्याकडची जुनी वर्तमानपत्रं, गावांच्या माहितीची जाडजूड सरकारी पुस्तकं, सगळं त्यांनी पालथं घातलं. खाडीची लांबी सापडली, होड्या सापडल्या. मासा कोणी लिहिलाच नव्हता. ज्यांना माहीत होतं त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना लिहिता येत होतं ते चिखलात कशाला उतरतील?

एका सकाळी दारात रिक्षा थांबली. त्यांनी बहिणीला हाताला धरून आणलं, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "हा घ्या संदर्भ."

मुलं हसली. मीही हसले. म्हातारीनं पडद्यावरची ओळ भावाकडून वाचून घेतली. "मासं नाय? मंग ह्याला मी काय चिकलावर वाढवला?" असं म्हणून ती सांगायला लागली. कुठल्या वळणावर काय, कुठल्या भरतीला काय, काय हातानं धरायचं, कशाचा काटा लागला की ताप भरतो. बोय, निवटी, चिंबोरी एवढीच माझ्या ओळखीची. बाकी नावं मी आयुष्यात ऐकली नव्हती. अर्धा तास ती बोलत होती आणि मी नम्रपणे मान हलवत होते. शेवटी मी म्हटलं, "आजी, माणूस संदर्भ म्हणून चालत नाही."

तिनं भावाकडे पाहिलं. "म्हंजी मी हाय का नाय?"

त्यांनी वही खिशात घातली. तिला उठवून रिक्षात बसवलं.

त्या पावसाळ्यात ती गेली. दिवस झाल्यावर ते डोकं भादरलेले आले, पान उघडून ती ओळ बघत बसले. जाताना त्यांनीच माझी समजूत घातली. "तुमचं चुकलं नाय, मॅडम. नियमानं बरोबरच हाय."

ते वाक्य मला अजून टोचतं. कारण चुकलंच होतं. आमच्या वाचनालयाचा वार्षिक अंक छापला जातो, दरवर्षी पानं भरायला मजकूर मिळत नाही म्हणून मीच ओरडत असते. म्हातारी समोर बोलत होती, टेबलावर कागद होता, पेन होतं. तिचं ऐकून लिहून छापलं असतं, तर छापील संदर्भाची सुरुवात तरी झाली असती. मला नियम तेवढे पाठ होते. लाज वाटते सांगायला.

हे सुचलं तेव्हा मी कोरी वही घेऊन मुरब्याला गेले. तोवर त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली होती. वही दाखवून कशाला आले ते सांगितलं. त्यांना सगळं समजत होतं. ते एकदम उठायला बघायला लागले. सुनेनं पाठीला उशी दिली.

मी एकेक नाव घ्यायला लागले. बोय? मान हलली. निवटी? हलली. तीन नावांत माझी विद्या संपली. मग त्यांनी डावा हात गादीवर ठेवला, पंजा चपटा केला, बोटं आत-बाहेर करत तो पुढे सरकवला आणि अंगठा ताठ उभा केला.

"कुठला हो हा?" मी सुनेला विचारलं.

"आमी पायलाच नाय असला मासा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा हात सरकवला. मी बाजारात ऐकलेली चार नावं अंदाजानं घेतली, चारही चुकली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात गादीवरून फिरत होता.

आठ दिवसांनी ते गेले. वहीत मी त्या हाताचं चित्र काढून ठेवलं आहे. मुरब्यात, सातपाटीत पुष्कळ म्हाताऱ्यांना दाखवलं. नाव अजून कोणाला सांगता आलेलं नाही.