बांधावरची सून

मलकापूरच्या तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली बसून मी तेवीस वर्षं अर्ज लिहिले. वाटण्या, फेरफार, बांध कोरल्याच्या तक्रारी, सगळं. खरं बोलणाऱ्या पक्षकाराचा मला कायम राग येत आला. आपण रात्र जागून अर्ज बांधावा, आणि त्याने साहेबापुढे तोंड उघडून तो उसवून ठेवावा. अशा माणसांत वच्छलाबाईचा नंबर पहिला.

नळगंगेच्या काठी तिचा दोन एकरांचा मळा होता. नवरा पुंजाजी पटकीत गेला तेव्हा वामन सात वर्षांचा. त्यानंतर वांग्या-मिरच्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती बाजारात बसू लागली. वांगं किडकं निघायचा संशय आला तर गिऱ्हाइकाच्या आधी हीच ते मोडून दाखवायची. शेजारच्या माळणी कपाळावर हात मारून घेत. अशा धंद्यावर तिने पोराला शिकवलं. वामन कापसाच्या जिनात फिटर झाला, आणि यंत्रं विकणाऱ्या एका गोऱ्या कंपनीने त्याला काम शिकायला थेट विलायतेला नेलं.

त्याची पत्रं मीच तिला वाचून दाखवायचो. सव्वीस सालच्या दिवाळीनंतर एक जाड पाकीट आलं. वामन तिकडे मार्था नावाच्या बाईच्या घरी भाड्याने राहत होता. तिचा नवरा मोठ्या लढाईत पडला होता, पदरी एक मुलगी होती. ‘आई, तुझा होकार असेल तर तिच्याशी लग्न करावं म्हणतो,’ असं पोराने लिहिलं होतं. सोबत एक छापील कागद होता. इकडे बायको ठेवून तिकडे दुसरी करणारे महाभाग झालेले. म्हणून वामनला घरी बायको नाही, असं बुलढाण्याच्या डिप्टी कमिशनर साहेबाने लिहून दिल्याशिवाय तिथली कचेरी लग्न लावणार नव्हती. लग्नाच्या नोटिशीची मुदत संक्रांतीच्या आठवड्यात संपत होती. ‘मार्थाचे भाऊ म्हणतात, कागद येणारच नाही, कारण याची बायको घरी असणार. ती मात्र वाट बघते आहे.’

वाचून मी थांबलो. गोरी, ख्रिस्ती, वर विधवा. आता ही बाई धाय मोकलून रडणार, असं मला वाटलं.

“पोरगी केवढी हाये तिची?” तिने विचारलं.

“आठ वर्षांची.”

“मंग तिले बाप पायजेच ना भाऊ,” ती म्हणाली, आणि पदराला हात पुसून कोऱ्या कागदावरच अंगठा द्यायला पुढे सरकली.

मी अर्ज झकास बांधला. तहसीलदारसाहेब नागपूरकडचे, मोजकं बोलणारे. त्यांच्या चौकशीवरच बुलढाण्याहून कागद मिळणार होता. त्यांनी जबानीसाठी आईला पंधरा दिवसांनी बोलावलं. अर्जनवीस बाहेर, असा त्यांचा हुकूम. मी कडुनिंबाखाली बसून राहिलो. बाई बाहेर आली ती हसतमुखाने.

“काय इच्यारलं साहेबानं?”

“इच्यारलं, वामनचं लगन झालं काय. देवाची शपत घेतली होती. म्या म्हनलं, हाव, झालं.”

माझ्या हातातली दौत कलंडली.

“बायको जित्ती हाये काय, म्हने. म्हनलं, हाव, वावरात हाये. लिहून घेतलं त्याईनं.”

“बाई, तुमच्या पोराचं लगन झालं कधी?”

“गेल्या सोमवारी.”

मग सगळं बाहेर आलं. आमच्याकडे बिजवराने विधवेशी पाट लावला तर कोणी काही म्हणत नाही. पण कोऱ्या नवऱ्याने विधवा करायची तर त्याचं पहिलं लग्न रुईच्या झाडाशी लावतात. ते लागलं की रुई तोडून टाकायची; पहिली बायको गेली, आता पाटाला मोकळा. सून गोरी आहे म्हणून तिच्या लग्नात काही उणं राहायला नको, असं वच्छलाबाईने ठरवलं. वामनचं जुनं पागोटं बांधावरच्या रुईला टेकवलं, हळद लावली, काळी पोत बांधली, फांदीत हिरव्या बांगड्या अडकवल्या, चार भाऊबंदांना जेवू घातलं. मार्थाला तिने मनापासून सून म्हटलं होतं, त्याची ही पावती. आणि त्याच पावतीने पोराचं लग्न मोडत होतं. जबानीचा कागद परवाच्या डाकेने बुलढाण्याला जायचा होता.

“मंग तोडली काऊन नाई रुई?” मी ओरडलोच.

ती खाली बघत राहिली. “तिले फुलं आली होती भाऊ. तिकडची येते का नाई, कोनाले ठाऊक. हात लावाले सून म्हनून हे एकच. रोज पानी घालतो, दोन गोष्टी बोलतो तिच्यासंगं.”

माझा राग तिथेच विरघळला. तरी धंदा म्हणून मी शिकवलं, “उद्या साहेबाले सांगा, ते लगन नव्हतं, झाड होतं.”

“म्या सोता हळद लावली. ते लगन खोटं म्हनलं, त मार्थाचं खरं कसं होईन?”

दुसऱ्याच्या तोंडी उत्तरं घालण्यावर मी पोट भरत आलो होतो. त्या दिवशी मी दौत उचलली आणि दप्तर गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आत ती आली. केस ओले, अंघोळ डोक्यावरून केलेली. हातात जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. रुईचा चीक बोटांवर वाळला होता. शिपायाने अडवलं, पण मी त्याला बाजूला सारून तिच्यासोबत आत गेलो. तिने फडकं टेबलावर सोडलं. सुकत आलेली फुलं, आणि फांदीवर अजून हळद.

“सायेब, कालची जबानी खरी हाये,” ती म्हणाली. “आज पुढची लिहा. माही सून वारली.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रीत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी कालचा जबानीचा कागद ओढला, खाली एक ओळ लिहिली आणि वाचून दाखवली: ‘वामन पुंजाजी याचा विवाह कोणत्याही स्त्रीशी झालेला नाही.’

“हे खरं आहे ना बाई?”

“हाव सायेब. खरंच हाये.”

बाहेर आल्यावर माझ्या ध्यानात आलं. ती ओळ कालही खरी होती. रुई बांधावर उभी असतानाही खरीच होती. एवढी साधी ओळ मला, अर्जनवीस म्हणवणाऱ्याला, सुचली असती तर तिला कोयता उचलावा लागला नसता. हे मी तिला कधीच सांगितलं नाही. मला लाज वाटत होती.

बुलढाण्याचा कागद मुदतीच्या दोन दिवस आधी विलायतेला पोचला. महाशिवरात्रीच्या सुमारास लग्न झाल्याचं पत्र आलं, सोबत तिघांचा फोटो. मार्थाने आपल्या भावांना तो कागद वाचून दाखवला होता म्हणे. वामनला तिकडेच कायमची नोकरी लागली. पुढच्या वर्षी येतो, असं त्याने लिहिलं. पुढच्या वर्षीही तेच लिहिलं.

एकदा आषाढात मीच पत्र घेऊन मळ्यावर गेलो. बांधावर बोरीच्या काट्यांचं कुंपण दिसलं. आत तोडलेल्या बुंध्यातून रुई फुटून कमरेएवढी झाली होती, आणि तिच्या फांदीत हिरवी बांगडी होती. मी पत्र उघडलं. ते ऐकून झाल्यावर वच्छलाबाई उत्तर सांगायला बसली.

“लिहा भाऊ. मार्थाले आन् पोरीले आशीर्वाद. पानी बरं हाये. इकडं आमी दोघी खुशाल हावो.”

मी टाक थांबवून तिच्याकडे बघितलं. ती कुंपणाकडे बघत होती.

जन्मभर लोकांचे शब्द बदलून लिहिले. त्या दिवशी तिने सांगितलं तसंच लिहिलं: दोघी.