आईने मारलेला डायनोसॉर

आमच्या मंचरच्या घरात आजवर एकच हत्या झाली आहे. ती आईच्या हातून झाली आणि करवून घेणारा मी होतो.

आम्ही जैन. पणजोबा राजस्थानातून आले आणि त्यांनी मंचरच्या बाजारपेठेत भुसार मालाचं दुकान टाकलं. आमच्याकडे मुंग्यांची रांग दिसली तर झाडू मारणारा थांबतो, रांग संपते, मग झाडू पुढे सरकतो. अशा घरात मी खून घडवून आणला, यावरून माझ्या कर्तबगारीची कल्पना यावी.

दोन हजार सालाच्या जरा पुढची गोष्ट. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि भीमाशंकरपासून पुण्यापर्यंत आपल्याइतका हुशार माणूस दुसरा नाही, अशी माझी खात्री होती. (दोन विषय राहिले होते, पण तो पेपर काढणाऱ्यांचा दोष.) कावीळ झाली म्हणून डॉक्टरांनी महिनाभर घरी पाठवलं. येताना मी हॉस्टेलवरच्या एका खेळाचं झेरॉक्स केलेलं नियमांचं पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा घेऊन आलो.

खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "मी अमुक करतो" असं प्रत्येकाने म्हणायचं आणि ते जमलं की नाही हे फाशाने ठरवायचं. वीस पडले तर वाटेल ते जमलं, एक पडला तर सत्यानाश. गोष्ट सांगणारा त्या जगाचा देव. हे पद मी कुणाला देणार नव्हतो हे उघड आहे. जग निवडलं डायनोसॉरचं.

खेळायला मिळाले चौघे. पप्पा, आई, पप्पांचा धाकटा भाऊ म्हणजे आमचे काका, आणि बबनभाऊ. बबनभाऊ निमगाव साव्याचे. आमच्या दुकानात पोती तोलायचं काम वीस वर्षं करत होते. रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून सगळे माजघरात बसले.

"कोण काय होणार ते सांगा," मी म्हणालो. "योद्धा, शिकारी, मांत्रिक."

"मी व्यापारी," पप्पा म्हणाले.

"पप्पा, हे जंगल आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं."

"मग काय, तुझ्या योद्ध्याला ज्वारी लागत नाही?"

काका मांत्रिक झाले, कारण मांत्रिकाला पळावं लागत नाही असं त्यांना वाटलं. बबनभाऊ शिकारी झाले. आई म्हणाली, "मी सुशीलाबाईच."

"आई, कुणीतरी दुसरं व्हायचं असतं."

"आता या वयात?"

मी कपाळाला हात लावला. हॉस्टेलवरची पोरं पहिल्याच दिवशी दोन डायनोसॉर लोळवत होती. इथे मी तीन शिंगांच्या डायनोसॉरचा कळप समोर आणला, तर आईने विचारलं, "पाणी प्यायलेत का ते?" बबनभाऊंना वजन हवं होतं.

"एकाचं वजन असेल सात टन," मी तुच्छतेने सांगितलं.

"म्हंजी सत्तर क्विंटल. ट्रकभर कांदा की वो पियूषशेठ. आपल्या काट्यावर न्हाई बसायचं."

तासभर खेळूनही या मंडळींनी कळपाला फक्त पाणी पाजलं होतं. कल्पनाशक्ती नसलेली माणसं, असं मनाशी म्हणत मी हुकमी पान काढलं. झाडं मोडत सगळ्यांत मोठा मांसाहारी डायनोसॉर आला. वीतभर लांबीचे दात, तोंडातून लाळ. आता लढल्याशिवाय सुटका नव्हती.

"त्याला गूळ-भाकरी देते," आई म्हणाली.

"आई, तो मांस खातो."

"आजवर कुणी भाकरी दिली नसेल."

नियमात भाकरीला बंदी नव्हती. मी छद्मी हसत फासा तिच्यापुढे सरकवला. तिने तो कुंकवाची डबी ठेवावी तसा अलगद खाली ठेवला. वीस पडले.

डायनोसॉरने भाकरी खाल्ली. आईने त्याचं नाव बाळ्या ठेवलं. पप्पांनी त्याच्या पाठीवर ज्वारीची पोती लादली, काकांनी कपाळाला टिळा लावला. एवढ्यात दिवस मावळायला आला, आणि सूर्यास्तानंतर आमच्यात जेवत नाहीत, म्हणून सगळेजण ते जग तसंच टाकून पानावर जाऊन बसले. पृथ्वीवरचा सगळ्यांत भयंकर प्राणी आणि त्याचा निर्माता माजघरात एकटे राहिले.

तो आठवडा मी जळत काढला. बबनभाऊ रोज पोती तोलताना विचारत, "बाळ्या काय म्हनतोय?" गिऱ्हाइकं विचारत, कोण बाळ्या. बबनभाऊ म्हणत, "भाभींनी पाळलाय. लई गरीब हाय."

दुसऱ्या रविवारी मी सूड घेतला. गोष्टीत दाट धुकं आणलं. बाळ्या मागे राहिला असं सांगितलं. मग धुक्यातून काहीतरी प्रचंड काकांच्या अंगावर झेपावतंय, असं म्हणालो.

"भाऊजी, बाजूला व्हा," आई खरोखरच ओरडली.

"मांत्रिक घाबरून जागीच उभा आहे," मी म्हणालो. "सुशीलाबाईंच्या शेजारी कड्यावर मोठी धोंड आहे. ढकलली तर ते मरेल, नाही तर काका मरतील. लवकर सांग."

"ढकलते. ढकलते बाई."

फाशावर एकोणीस पडले. मग धुकं बाजूला केलं. धोंडेखाली बाळ्या होता. तो काकांना चाटायला आला होता. कवटी कशी फुटली, रक्त कुठवर गेलं, हे मी पुस्तकातल्या शास्त्रीय माहितीसह सांगितलं.

बबनभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आई उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी आमचं आठ दिवसांचं पर्युषण सुरू होत होतं. सकाळी कळलं की आईने आठ दिवसांचा उपवास धरलाय, फक्त उकळलेल्या पाण्यावर. आईला रक्तदाब होता. लांबचे उपवास करायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"आई, अगं तो नव्हताच," मी म्हणालो.

"मारायचं माझ्या मनात आलं होतं ना?" आई म्हणाली. "पिठाचा कोंबडा कापला तरी पाप लागतं, हे लहानपणी सांगितलंय तुला."

"तू काकांना वाचवायला केलंस."

"म्हणून तर मीही उपवास धरलाय," काका कोपऱ्यातून म्हणाले.

बबनभाऊ जैन नव्हते, पण त्यांनी चहा सोडला, आणि चहाविना बबनभाऊंनी त्या दिवशी दोन गाड्या माल चुकीचा तोलला. पप्पांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. मी सगळ्यांना अडाणी ठरवून गच्चीवर जाऊन झोपलो.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. आमच्याकडे बाळू गेला आणि त्यापायी भाभींनी अन्न सोडलं, अशी बातमी पेठेतून फिरत निरगुडसरला पोचली होती. तिथे पप्पांच्या थोरल्या बहिणीला, आमच्या आत्याला दिलेलं होतं. ती दुपारच्या एसटीने आली ती दारातूनच रडत. मागोमाग शेजारच्या चार बायका येऊन भिंतीला टेकून बसल्या.

"किती वर्षांचा होता गं?" आत्याने आईला विचारलं.

आई खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "साडेसहा कोटी."

आत्याने आईच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्या पाच बायकांना डायनोसॉर, फासा, धुकं आणि धोंड सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर आत्या म्हणाली, "याला पुण्याला शिकायला पाठवलंय ना?"

तिसऱ्या दिवशी आईला उठताना भोवळ आली आणि ती भिंतीला धरून खाली बसली. तेव्हा मात्र मी घाबरलो. तसाच पेठेतल्या जैन स्थानकात गेलो. तिथे चातुर्मासासाठी साध्वी उतरल्या होत्या. त्यांतल्या वयोवृद्ध महासतीजींचा शब्द आई मोडणार नाही, हे मला माहीत होतं. मी त्यांना सगळा खेळ समजावला. त्या आईला वेड्यात काढतील आणि मी सुटेन, असा हिशेब होता.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "फासा कुणी टाकला?"

"आईने."

"आणि धुक्यात कोण आहे, हे तिला माहीत होतं?"

"नाही. मला माहीत होतं."

"मग तिने कशाला उपवास करायचा?"

मी मनातल्या मनात नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात असा प्रश्नच नव्हता.

"तू आजारी आहेस, तुला उपवास नको," त्या म्हणाल्या. "पर्युषण संपेपर्यंत, संवत्सरीपर्यंत मौन धर. आईला सांग, तीन उपवासांचा तेला झाला, उद्या पारणं कर."

मौन धरण्याआधी आईला सांगितलेलं माझं हे शेवटचं वाक्य. चौथ्या दिवशी सकाळी तिने मुगाचं पाणी घेतलं. मी ते बघत उभा होतो आणि मला खूप काही बोलायचं होतं. बोलता येत नव्हतं म्हणून वाटी उचलून मोरीत ठेवली.

पाच दिवस मी गप्प होतो. त्या पाच दिवसांत आईचा रक्तदाब उतरला. काकांना झोप लागू लागली. बबनभाऊंनी चहा पुन्हा सुरू केला आणि एकही पोतं चुकलं नाही. पप्पा जेवताना पहिल्यांदाच रेडिओवरच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकू शकले.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे माजघरात जमले. एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. मी आईच्या पाया पडलो, हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणालो. आईने डोक्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरले होते. मग मी म्हणालो, "तरी पण नियमाप्रमाणे बघितलं तर तुम्ही सगळे मुळात चुकीचं खेळत होता. आता मी तुम्हाला नीट…"

पप्पांनी चष्मा काढून पुसला.

"महासतीजींचा मुक्काम अजून दोन महिने आहे," ते म्हणाले. "विचारून येऊ का?"