वाघ, खार आणि तालमीची जर्सी

मी शाळेत चित्रकला शिकवते. माझं माहेर शिरोळकडचं, तिकडं ऊस आणि कुस्ती. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा फुटबॉल पायानं खेळतात, याच्यापलीकडं मला काही ठाऊक नव्हतं. सासर मात्र भर पेठेत, तालमीच्या अगदी समोर. नावाला तालीम, आत लाल मातीपेक्षा वाळत घातलेले मोजेच जास्त. सासऱ्यांना मी मामा म्हणते. तरुणपणी ते तालमीच्या फुटबॉल संघात बॅकला खेळले होते आणि अजून चालताना मध्येच कुणाला तरी अडवल्यासारखे थांबायचे. आमचं बोलणं फारसं नव्हतं. आमटीत मीठ कमी असलं तर बोलायचे, बरोबर असलं तर गप्प.

एका हिवाळ्यात, फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, तुला वाघ काढाय येतो न्हवं?"

तालमीला नवी जर्सी करायची होती. रंग पिवळा-काळा, खूण वाघाची. मी दोन संध्याकाळी बसून चित्र काढलं. पिवळ्या अंगावर गळ्यापासून खाली उतरणारे काळे, नागमोडी, उभे पट्टे. मला ते फार देखणं वाटलं. मामांना तर इतकं आवडलं की त्यांनी गल्लीतल्या शिंप्याकडून तसा एक नमुना शिवून घेतला आणि तो अंगात घालूनच मला तालमीत घेऊन गेले.

तिथं कट्ट्यावर त्यांचे एक बालमित्र बसले होते. किराणा दुकान चालवणारे, आणि त्या काळचे संघाचे गोलकीपर. त्यांनी चष्मा लावून मामांना पुढून-मागून पाहिलं आणि म्हणाले, "पट्टं चुकलं."

"काय चुकलं?"

"वाघाचं पट्टं पाठीवरनं पोटाकडं येत्यात. तू वाक बघू खाली. चार पायांवर हो."

मला वाटलं, मामा चिडतील. पण प्रश्न तालमीचा होता. त्यांनी चप्पल काढली, धोतर सावरलं आणि अंगणात गुडघे-हात टेकून रांगायच्या पवित्र्यात थांबले. तालमीतले सगळे कोंडाळं करून बघू लागले. मीही वाकून बघितलं. पट्टे मानेपासून शेपटीच्या जागेपर्यंत सरळ लांबलचक गेले होते.

दुकानदार म्हणाले, "ह्यो वाघ न्हाय गड्या. ही खार हाय."

कुणी हसलं नाही. इतका गंभीर प्रकार होता तो.

मामा तसेच खालून म्हणाले, "आमची पोरं मैदानात काय रांगत जाणार हैत? उभ्या माणसाला उभंच पट्टं शोभत्यात. सुनंनं काढलंय ते बरोबर हाय."

लग्नानंतर पहिल्यांदा ते माझ्या बाजूनं बोलले होते, तेही चार पायांवर.

त्या दिवसापासून पेठेत दोन पक्ष झाले, मामांचे उभे आणि दुकानदारांचे आडवे. सकाळी दूध आणायला गेलं तरी विचारणा व्हायची, "वैनी, तुमी उभं का आडवं?" दुकानदारांच्या घरच्या हळदीकुंकवाला मला वाण मिळालं, पण त्यांच्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "आमच्यात आडवं हाय, राग मानू नका." संघातल्या आताच्या गोलकीपरचा वेगळाच घोळ. नियमानं त्याचा रंग निराळा हवा. "मग त्यो वाघ न्हाय काय? त्यो कोण मग, शेळी?" असं त्याची आई तालमीत येऊन विचारून गेली. शेवटी त्याला हिरवा रंग दिला आणि तिला सांगितलं की वाघाच्या मागं रान असतंयच की.

जर्सी छापायला इचलकरंजीला दिली होती. मामांनी छापणाऱ्याला फोन करून सांगितलं, पट्टे उभे. नंतर दुकानदारांनी फोन करून सांगितलं, आडवे. त्या माणसानं कुणालाच दुखवलं नाही. पहिल्या सामन्याच्या सकाळी गठ्ठा सोडला तर समोरून पट्टे उभे, पाठीवर आडवे. बदलायला वेळ नव्हता. पोरांनी मुकाट्यानं घातल्या.

खारीची बातमी, ज्यांच्याशी सामना होता त्या पेठेत कशी पोचली देव जाणे. आमचा संघ मैदानात उतरला आणि पलीकडच्या गॅलरीतून एका सुरात आवाज उठला, "खारुताई! खारुताई!" मग भुईमुगाच्या शेंगा आल्या. मूठ-मूठ शेंगा. पंचांनी खेळ थांबवून मैदान झाडून घेतलं. तेवढ्यात आमच्या उजव्या बाजूच्या खेळाडूनं एक शेंग उचलून फोडली आणि खाल्ली. पंच त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले, पण कार्ड दाखवायचं की नाही, ते त्यांनाही ठरवता आलं नाही.

सामना संपायला आला तेव्हा त्याच शेंगवाल्यानं गोल मारला. त्यांच्या बॅकच्या अंगावर गेला, गर्रकन वळला आणि त्याला चकवून निघून गेला. आम्ही एका गोलनं जिंकलो.

"पुढनं एक माणूस, मागनं दुसराच! फसला की त्यो!" मामा माझा दंड धरून ओरडले.

"आडव्या पट्ट्यांनी फसवलं," शेजारून दुकानदार म्हणाले.

"समोरचं बघून फसला."

"वळल्यावर फसला!"

पोरं गुलाल उधळत होती आणि हे दोघं तो गोल उभा होता की आडवा यावर भांडत होते.

घरी परतताना मी मामांच्या स्कूटरवर मागं बसले होते. रंकाळा तळ्याजवळ त्यांनी वेग कमी केला.

"पोरी, तू चित्रकलेची मास्तरीण. खरं सांग. कुणाचं बरोबर हाय?"

मी म्हणाले, "त्यांचं, मामा. वाघ दोन पायांवर उभा केला की पट्टे आडवेच होतात."

ते मान थोडी मागं वळवून म्हणाले, "मला तालमीतच कळलं होतं. त्याला सांगू नगंस."

आणि स्कूटर भेळेच्या गाडीपाशी बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "भेळ तिखट चालंल न्हवं?"