पितळी पेल्याचं कुंकू

माझ्या धाकट्या जावेबद्दल, अंबूबाईबद्दल, सगळं डहाणू चांगलं बोलतं. बोलू दे! तिच्याबरोबर एका चुलीवर भात मी शिजवलाय.

साठ-एकसष्टची गोष्ट. आम्ही दोघी फुग्यांच्या कारखान्यात होतो. रबराच्या दुधात साचे बुडवायचे, भट्टीत तापवायचे, की झाला फुगा. दूध घट्ट तर फुगा जाड, पातळ तर फुंकर मारताच फटकन फुटणार. तेच दूध थंडीत घट्ट होतं, उन्हात सैल. ते पारखायचं काम माझं. काठी बुडवून वर काढायची, धार कशी तुटते ते बघायचं आणि "बुडवा" म्हणायचं. हौदाशेजारच्या स्टुलावर मी राणीसारखी बसायचे.

मग शेठनं मुंबईहून तळाला भोक असलेला पितळी पेला आणला. आधी दुधात थर्मामीटर बुडवायचा, मग पेला भरायचा आणि तो रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. अंबू घोलवडची. चिकूच्या करंड्या गाडीला पोचवता पोचवता घड्याळ वाचायला शिकलेली. झालं! स्टूल तिचं, मी साचे पुसायला. काय सांगू, माझा नुसता तिळपापड झाला. तिचा नवरा धडधाकट, माझा समुद्रानं नेलेला. तिचं कपाळ भरलेलं, आणि आता स्टूलही तिलाच!

दसऱ्याला कारखान्यात अवजारं पुजतात. नवरा होता तोवर काठीला कुंकू मीच लावायचे. त्या वर्षी अंबूनं पेल्याला खालून-वरून हळदीकुंकू असं थापलं, जशी काय नवरीच. काठीला नुसती टिकली. मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पेला रिकामा होता होईना. "दूध घट्ट झालंय," म्हणत अंबूनं हौदात पाणी ओतायला लावलं. मी काठी बुडवली.

"अगं, पातळ झालंय!"

"वहिनी, तुम्हाला हा पेला बघवत नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली. नव्हताच बघवत. पण दूध पातळच होतं!

संध्याकाळी फुगे फुगवायला घेतले, तर एकामागून एक फुटायला लागले. शेठ भडकला. "नर्मदाबेन, उद्यापासून स्टुलावर तुमी. अंबूबाई, साचे पुसा."

बरी जिरली, म्हटलं! अंबू मान खाली घालून पेला धुवायला बसली, आणि मला ते दिसलं. भोकात कुंकू वाळून बसलं होतं. ती सगळा पेला धूत होती, तिथं तेवढं बोट नेत नव्हती. सवाष्णीनं कुंकू पुसायचं कसं?

गप्प बसले असते तर स्टूल माझं होतं. पण पेल्याला मला माझ्या काठीनं हरवायचं होतं. कुंकवानं माझं सगळं नेलं, आता त्याच्याकडून दान कशाला घेऊ?

"आण इकडे, भवाने. मला आता कसली भीती?" अंबाड्यातला आकडा काढून मी भोक मोकळं केलं. शेठसमोर ताज्या दुधाची पारख झाली. काठी आणि पेला एकच बोलले. अंबूला स्टूल परत मिळालं. मी वर्षभर जळफळत साचे पुसले.

पुढच्या दसऱ्याला अंबूनं सगळ्या बायकांपुढे कुंकवाची कोयरी माझ्यासमोर धरली. "वहिनी, काठीला तुम्हीच लावा."

"अगं बाई!" मागून कुणीतरी म्हणालं. अंबूनं हात मागे घेतला नाही.

मी लावलं. आणि मनात काय आलं, सांगू? एवढी छाती, तीही देवानं तिलाच द्यावी?