बुर्गोस, अल मनखूल, तिसरा मजला

स्पेनमधल्या बुर्गोस प्रांताचा कारभार दुबईतल्या अल मनखूल भागात बसून पाहणारा माणूस पृथ्वीवर एकच, आणि त्याच्या दारासमोर माझी कितीतरी वर्षं गेली. हे शेजारी मूळचे वसईचे, हॉटेलात हाउसकीपिंगचे सुपरवायझर. पाहुणा खोलीत काही विसरला आणि मागायला आला नाही, तर ते ज्याला सापडलं त्याचं, असा तिथला रिवाज. इतरांना अत्तरं मिळाली, चार्जर मिळाले. यांना बुर्गोसचा नकाशा मिळाला. स्पेनला ते कधीच गेले नाहीत. गरजच पडली नाही.

"वहिनी, स्पेनमध्ये सगळ्यात जास्त नगरपालिका कुठे? बुर्गोसला! वीस-पंचवीस डोक्यांचं खेडं, पण त्यालाही आपला महापौर!" असं म्हणून त्यांनी आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक फ्लॅटची नगरपालिका करून टाकली. लिफ्ट म्हणजे तिथली एब्रो नदी. ती बंद पडली की नदी आटली. आमच्या घरच्या महापौरपदी माझी नात नेमली आणि मला साधं सदस्यत्वही नाही. मी बी.ए., तेही भूगोल घेऊन! पण माझ्या भूगोलाची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. लग्न होऊन इथे आले तेव्हा पदवीचा तोरा एवढा, की पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "शारजाला जायची बोट किती वाजता असते?" शारजा दुबईला लागूनच, रस्त्याने जायचं गाव; आमच्या ह्यांनी ते सबंध दुबईला सांगितलं. एकदा या शेजाऱ्यांचा पाइप फुटला, तर हे प्लंबरला नकाशासमोर उभं करून गळती कुणाच्या हद्दीत येते ते समजावत बसले. तो बिचारा म्हणाला, "सर, यल्ला, चलो, पाइप दिखाओ." तोवर पाणी आमच्या नगरपालिकेत शिरलं होतं.

त्यांना धसका एकाच गोष्टीचा: लोकसंख्या. बुर्गोसची निम्मी माणसं प्रांताच्या मुख्य शहरात, खेडी ओस. इथे त्यांची मुलं कॅनडाला गेलेली, बायको देवाघरी. त्यांच्या नगरपालिकेत महापौर तेवढे उरलेले. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून जेवायला आमच्याकडे. पुढे भाडं झेपेना म्हणून माझ्या मुलाने शारजाला फ्लॅट घेतला, तेव्हा हे त्यांना सांगायचं कुणी, यावरून आमच्यात भांडण. शेवटी आमच्या महापौरांनीच सांगून टाकलं, "अंकल, वी आर शिफ्टिंग."  ते आत गेले, दार लावून घेतलं.

सामान निघालं त्या दिवशी मात्र नकाशा घेऊन बाहेर आले. एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे त्रेव्हिन्यो. चारी बाजूंनी दुसरा प्रांत, पण हे बुर्गोसचंच. तुमचा फ्लॅट तसा. भोवती शारजा असू दे, कारभार मनखूलचा. खलास!"

आता दर रविवारी मिस्सा झाल्यावर ते शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि तिथून फोन करतात, "वहिनी, तुमची ती बोट असती तर वरण गरम मिळालं असतं हो." मग दारात बूट काढत विचारतात, "लोकसंख्या?"

मी ताटं मोजते, आणि त्यांना धरून सांगते.